गुरुवारची पाच मिनिटं

आमचं घर मल्लेश्वरममधे रेल्वेच्या रुळांपासून एक गल्ली सोडून होतं. गाडी आली की बोलणं अर्ध्यावर थांबवायचं आणि शेवटचा डबा गेला की जिथं सोडलं त्याच शब्दापासून पुढं सुरू करायचं, ही घरातल्या सगळ्यांची सवय होती. पाहुण्यांना ते विचित्र वाटे. आई "आज हुळीत मी" एवढं म्हणून थांबे. पाहुणा घास हातात धरून तिच्याकडं बघत राही, मालगाडी असली तर बराच वेळ बघत राही, आणि मग आई म्हणे, "गूळ घालायला विसरले." हुळी म्हणजे आमच्याकडची चिंचेची घट्ट आमटी. आमचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कधीतरी इकडं कन्नड मुलखात आले आणि परत गेलेच नाहीत, त्यामुळं आमची आमटी हुळी झाली, बोलण्यात 'थोडं'चं स्वल्प आणि 'बरं'चं सरी झालं, आणि पुण्याहून नव्यानं आलेली मंडळी आमचं मराठी ऐकून गालातल्या गालात हसू लागली. आम्हालाही त्यांचं मराठी वर्तमानपत्रातून वाचून दाखवल्यासारखं वाटे, पण आम्ही हसत नव्हतो. निदान त्यांच्या तोंडावर तरी नाही.

मला चारचौघांत बोलायची भीती कधीपासून वाटू लागली ते मी बरोबर सांगू शकते. आमच्या लोकांत पंगतीला श्लोक म्हणायची रीत फार कडक पाळत. पानं वाढून झाली, भातावर तूप पडलं, की पंगतीतल्या एका मुलानं किंवा मुलीनं खणखणीत आवाजात श्लोक म्हणायचा, आणि तो संपेपर्यंत कुणी पानाला हात लावायचा नाही. एका मावसबहिणीच्या लग्नात छत्रामधे, म्हणजे इकडच्या मंगल कार्यालयात, ती पाळी माझ्यावर आली. मी आठ वर्षांची होते. श्लोक मला झोपेत उठवून विचारला असता तरी आला असता. पहिला चरण म्हटला आणि दुसऱ्याच्या जागी काहीच आलं नाही. पन्नास-साठ माणसं पानावर बसलेली, सगळ्यांचे हात मांडीवर, आणि सगळ्यांच्या भातावरचं तूप गोठत चाललेलं. शेवटी कुणाच्या तरी काकांनी "मुलीला जेवू द्या आणि आम्हालाही" म्हणून स्वतःच श्लोक उरकला. सगळे हसले आणि जेवायला लागले. वाईट कुणीच बोललं नाही. पण त्यानंतर शाळेत, कॉलेजात, कुठंही उभं राहून बोलायची वेळ आली की मला ताप यायचा. खरा ताप, थर्मामीटरमधे दिसणारा. आईनं त्यावर काढा शोधून काढला होता.

घरात आम्ही चौघं. अप्पा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत होते आणि मूळचेच मितभाषी. "आपण बरं, आपलं काम बरं" हे त्यांचं जगण्याचं सूत्र होतं आणि त्यात ते सुखी होते. आई स्वयंपाकघरात बोले, बाहेर नाही. बोलणारी एकच, अप्पांची थोरली बहीण, इंदूआत्या. तिनं लग्न केलं नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमधे ट्रंक कॉल जोडून देण्यात तिची सगळी नोकरी गेली होती. आज हे समजावून सांगावं लागतं. माझ्या नातवाला मी सांगितलं, की दुसऱ्या गावी फोन करायचा तर आधी नोंदवायचा, मग तासन्‌तास वाट बघायची, आणि लागला की तीन मिनिटं मिळायची. त्यानं विचारलं, मग तीन मिनिटांनी काय व्हायचं? मी म्हटलं, मग आत्या मधे यायची.

आत्याला माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचं. फाटक उघडल्याच्या आवाजावरून ती कोण आलंय आणि तो रागावलाय की दमलाय ते सांगे. कानात गोळा झालेली ती सगळी वर्षं तिनं निवृत्त झाल्यावर आमच्या घरात ओतली. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायला एक्स्चेंजमधे सक्त मनाई होती, पण आत्याच्या गोष्टी ऐकल्या तर मनाई कुणाला होती असा प्रश्न पडे.

डिप्लोमा संपला आणि मला बोम्मसंद्र्याला पंपांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन ट्रेनी म्हणून घेतलं. आता तिथवर मेट्रो जाते. परवा मी उगीचच शेवटच्या स्टेशनपर्यंत गारेगार बसून जाऊन आले, आणि खाली बघताना जुनं काहीच ओळखता आलं नाही. तेव्हा पहाटे अंधारात बस पकडून मॅजेस्टिकचा बसस्टँड, तिथून कंपनीची बस, आणि होसूर रोडवरचे धक्के. डब्यात आई बहुतेक चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात द्यायची, कारण ते गार झालं तरी चालतं. कारखान्यात सत्तर पुरुष आणि मी. बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. पहिल्या दिवशी मी कुणालाही विचारू शकले नाही आणि दिवसभर पाणी प्यायले नाही. दुसऱ्या दिवशी प्रेस शॉपचे सुपरवायझर मूर्ती यांनी, मी काही न बोलता, एक जुनी खोली रिकामी करवून घेतली, धुवून घेतली, तिला कडी बसवली आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. त्याबद्दल ते परत कधी एक शब्द बोलले नाहीत. पुढं जे झालं ते सांगताना हे आधी सांगायला हवं, कारण मूर्ती वाईट माणूस नव्हते आणि मी त्यांची मिंधी होते.

तिथं एक पद्धत होती. सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना शेडमधे गोळा करून कुणीतरी पाच मिनिटं सुरक्षिततेवर बोलायचं. त्याला सगळे सेफ्टी टॉक म्हणायचे. वारानुसार विभाग ठरलेले होते आणि गुरुवार इन्स्पेक्शनचा. आमच्या विभागातल्या सीनिअर माणसाला त्याचा कंटाळा, म्हणून तो गुरुवार ट्रेनीच्या गळ्यात पडला. बोलणं कंटाळवाणंच असे, पण त्यात एक मेख होती. तिथं एखादं यंत्र धोक्याचं आहे असं कुणी म्हटलं, तर ते पाळीच्या रजिस्टरात लिहिलं जाई, आणि दुरुस्त होऊन सही झाल्याशिवाय ते यंत्र चालवता येत नसे. मग बोलणारा ट्रेनी असो की मॅनेजर. माझे पहिले दोन गुरुवार मी कागदावरून वाचून काढले. कागद इतका थरथरत होता की तिसऱ्यांदा मी पुठ्ठ्यावर लिहून नेलं.

एका बुधवारी मी प्रेसवरचे पहिले तुकडे तपासायला न्यायला गेले. प्रेस म्हणजे पत्रा दाबून कापणारं यंत्र. समोर जाळीचा गार्ड असतो, आणि तो बंद असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये म्हणून त्याला एक स्विच असतो. त्या दिवशी गार्ड उघडा होता आणि प्रेस खालीवर होत होती. स्विच बारीक तारेनं बांधून ठेवला होता. यंत्रावर नागराज होता, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, कुणिगलकडचा, हसरा. मी तारेकडं बघतेय हे त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "स्वल्प अडजस्ट माडी, मेडम," म्हणजे थोडं सांभाळून घ्या. तेवढ्यात मूर्ती आले. ते म्हणाले, "मीच बांधायला सांगितलंय. माल अर्जंट आहे. उघडझाप करत बसलं तर होणार नाही. दोन दिवसांचा प्रश्न, मग सोडतो." मी "सरी सर" म्हटलं आणि तुकडे घेऊन आले.

दुसरा दिवस गुरुवार. मला काय बोलायचं ते स्पष्ट माहीत होतं. बसमधे मी ते मनात दहा वेळा म्हटलं. दोन वाक्यं होती. लाकडी खोक्यावर चढून उभी राहिले, समोर सत्तर चेहरे, त्यात मूर्तींचा, त्यात नागराजचा. मी पुठ्ठ्याकडं पाहिलं. पुठ्ठ्यावर ते लिहिलेलं नव्हतं, कारण लिहायची हिंमत झाली नव्हती. मी म्हटलं, सगळ्यांनी बूट घाला. कुणीतरी खोकलं. मग मी म्हटलं, सगळ्यांनी केस नीट बांधून या. सत्तर पुरुषांना. आधी एक जण हसला, मग सगळी शेड हसली, नागराज तर पोट धरून हसला. मी खाली उतरले आणि माझ्या त्या कडी लावलेल्या खोलीत जाऊन बसले. तिथं मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरंखरं लिहायचं तर सुटका वाटली. पाच मिनिटं संपली होती आणि पुढचा गुरुवार आठ दिवसांवर होता.

शनिवारी दुपारी मी गेज रूममधे, म्हणजे मापं तपासायच्या खोलीत होते. कारखान्यातला आवाज काही दिवसांनी ऐकू येईनासा होतो. ऐकू येतं ते थांबणं. प्रेस थांबली आणि मला ते ऐकू आलं. बाहेर आले तेव्हा लोकांनी नागराजला खाली बसवलं होतं आणि त्याच्या डाव्या हाताला कुणाचा तरी शर्ट गुंडाळला होता. तो ओरडत नव्हता. "बोट कुठंय, बोट बघा," एवढंच म्हणत होता. तर्जनी पूर्ण आणि मधलं बोट अर्धं गेलं. मी स्विचकडं पाहिलं. तार तिथं नव्हती.

सोमवारी नोटीस लागली. यंत्रचालकानं स्वतःहून गार्ड निकामी केला, सबब शनिवारी कँटीनच्या हॉलमधे चौकशी होईल, दोष सिद्ध झाल्यास कामावरून कमी करण्यात येईल. ज्यांना काही माहिती असेल त्यांनी तिथं सांगावं. तोवर सेफ्टी टॉकही बंद ठेवले. माहिती सगळ्या प्रेस शॉपला होती. पण ज्या फिटरनं तार बांधली तो रजेवर गेला होता आणि बाकीचे जमिनीकडं बघत होते. मूर्ती मला पाण्याच्या टाकीपाशी भेटले. ते धमकी द्यायला आले नव्हते. त्यांचा चेहरा आठवडाभर न झोपल्यासारखा होता. "तुझी नोकरी अजून कायम व्हायचीय," ते म्हणाले. "तू यात पडू नकोस, अम्मा." इकडं पोरीबाळींनाही मायेनं अम्मा म्हणतात, पण मला ते पहिल्यांदाच म्हणाले.

घरी मी पानावरून नुसती उठून जात होते. दिवस थंडीचे होते. घरोघर अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगांचे ढीग, त्या सोलायच्या, दाणे भिजत घालायचे आणि सकाळी बोटांनी दाबून सालं काढायची. त्या महिन्यात आमच्याकडं सगळ्याच पदार्थांत अवरे. मी भाताशी चाळा करत होते तेव्हा आईनं विचारलं आणि मी सांगितलं. नागराजचं सांगितलं, तारेचं सांगितलं, मूर्तींनी काय म्हटलं तेही सांगितलं. अप्पा म्हणाले, "नवी नोकरी आहे. मोठी माणसं आहेत, ती बघून घेतील. तू कशाला मधे बोलतीस?" आई म्हणाली, "तिला बोलायला येतंय कुठं? ताप येईल आणखी." जेवण झाल्यावर आत्यानं शेंगांची परात घेतली आणि मला म्हणाली, "वसू, उद्या संध्याकाळी कामावरून आलीस की तू हॉलमधे उभी राहा. मी स्वयंपाकघरात बसते, दार लावून. तुला मी दिसायची नाही. काय सांगायचंय ते सांग. तीन मिनिटं देते."

असं चार संध्याकाळी चाललं. मी बंद दारासमोर उभी राहायची. दाराआडून शेंगा फुटल्याचा आणि दाणे स्टीलच्या भांड्यात पडल्याचा आवाज यायचा. वेळ संपली, किंवा तिच्या मते फुकट चालली, की ती पळीनं भांड्यावर ठण्‌ करून वाजवायची.

पहिल्या दिवशी मी सुरू केलं, "सन्माननीय व्यवस्थापक महोदय, मुख्य कचेरीतून आलेले आदरणीय अधिकारी, आणि माझ्या" आणि ठण्‌.

"अर्धं मिनिट मानसन्मानात गेलं," आतून आवाज आला. "परत बुक कर."

मी परत सुरू केलं. प्रेसची रचना सांगितली, गार्ड कशाचा असतो, स्विच कुठं असतो. ठण्‌. "हे ज्यांचं यंत्र आहे त्यांना सांगतीस काय?" मग अर्जंट मालाचं सांगितलं, कामगारांवर किती ताण असतो ते सांगितलं. ठण्‌. मग मूर्ती किती भले आहेत, त्यांनी मला खोली कशी दिली, ते सांगायला लागले तेव्हा तिनं पळी दोनदा वाजवली.

जेवायला बसल्यावर तिनं हुबळीच्या एका माणसाची गोष्ट सांगितली. त्यानं मुंबईला कॉल लावला होता. लागल्यावर हॅलो हॅलो, ऐकू येतंय का, सगळे बरे आहात का, तिकडं पाऊस आहे का, पोरं शाळेत जातात का. तीन मिनिटं झाली, लाइन गेली. मग तो हुंदके देत आत्याला म्हणाला, बाई, परत लावून द्या, वडील गेले ते सांगायचं राहिलं. परत लागायला चार तास गेले. "असली माणसं मला दररोज दोन-तीन भेटायची," आत्या म्हणाली. "भित्री नव्हती ती. मुद्दा तोंडातून काढणं त्यांना जड जायचं, म्हणून पावसाचं बोलायची. तू पण पावसाचंच बोलतीस. आधी मुद्दा, वसू. रडायचं ते मागून."

तिसऱ्या संध्याकाळी मी सरळ म्हटलं, "नागराजनं तार बांधली नाही."

शेंगांचा आवाज चालूच होता. "तुला कसं ठाऊक?"

"मी बघितलं होतं. मूर्तींनी सांगितलं तेही ऐकलं होतं."

"कधी?"

"बुधवारी."

"आणि बोट कधी गेलं?"

"शनिवारी."

तेवढ्यात गाडी आली. आम्ही दोघी सवयीनं गप्प राहिलो. शेवटचा डबा गेला तरी आतून काही आवाज आला नाही. मग आत्या म्हणाली, "मधला गुरुवार तुझा होता ना?"

घरात ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. गुरुवार माझा असतो एवढं त्यांना ठाऊक होतं, पण त्या गुरुवारी मी काय बोलले, काय बोलले नाही, ते नाही. मी दारासमोर उभी राहून रडायला लागले. दार उघडून आत्या बाहेर येईल, जवळ घेईल, असं मला वाटलं. ती आली नाही. बराच वेळ तिनं मला रडू दिलं आणि मग आतूनच म्हणाली, "हा मुद्दा आहे. हाच पहिला यायला पाहिजे. बाकी सगळं ह्याच्या मागून."

मी म्हटलं, हे मला सांगता येणार नाही.

"सरी," ती म्हणाली. "मग जाऊच नकोस. पण हे गाळून बाकीचं सांगायला गेलीस तर तुझा आवाजच सांगेल, की काहीतरी गाळलंय. मी कानांवर पोट भरलंय इतकी वर्षं. मला कळतंय तर त्यांनाही कळेल." चौथ्या संध्याकाळी मी तेच वाक्य पहिलं म्हटलं. पळी वाजली नाही. तीन मिनिटं लागलीच नाहीत, दीड मिनिटात संपलं.

आता निवृत्तीनंतर मला लहानमोठ्या कंपन्या नव्या लोकांशी बोलायला बोलावतात. इंदिरानगरातल्या काचेच्या ऑफिसांत तरुण मुलं विचारतात, मॅडम, स्टेजची भीती कशी गेली? मी सांगते, गेली नाही. गेल्या महिन्यात तुमच्यासारख्याच मुलांसमोर बोलण्याआधी मी दोनदा बाथरूमला जाऊन आले. त्यांना ते विनोदानं म्हटल्यासारखं वाटतं आणि ती हसतात. श्वास कसा घ्यायचा, हात कुठं ठेवायचे, हे मलाही नंतर कुणी कुणी शिकवलं आणि त्याचा उपयोग झाला, नाही असं नाही. पण माझं बोलणं सुधारलं ते दाराआडच्या त्या चार संध्याकाळीच, आणि तिथं हात कुठं आहेत ते बघायला कुणी नव्हतं.

शनिवारी कँटीनच्या हॉलमधे टेबलं जोडून एकच लांब टेबल केलं होतं. मॅनेजर, मुख्य कचेरीतला अधिकारी, मूर्ती, कामगारांचे दोन प्रतिनिधी, आणि भिंतीला लागून तीस-चाळीस माणसं उभी. नागराज हॉस्पिटलमधेच होता. सांबाराचा वास येत होता, कारण मागं स्वयंपाक चाललेलाच होता. अधिकाऱ्यानं नोटीस वाचली आणि कुणाला काही सांगायचंय का विचारलं. मी उठले. अंगात ताप होता, आणि आवाज निघाला तो इतका बारीक की मॅनेजर म्हणाले, मोठ्यानं बोला. मी कन्नडात मोठ्यानं म्हटलं, "तार बांधलेली मला बुधवारीच दिसली होती. गुरुवारी सेफ्टी टॉक माझा होता. मी सांगितलं नाही."

माझ्या लक्षात आलं, की आता पुढचं सगळं सोपं आहे. जे लपवायचं होतं ते मी टेबलावर ठेवून झालं होतं. मी सांगितलं, की तार नागराजनं बांधली नाही, ती बांधायला मूर्ती सरांनी सांगितलं, माल अर्जंट होता, दोन दिवसांत सोडणार होते, आणि शनिवारी अपघातानंतर तार तिथं नव्हती. अधिकाऱ्यानं विचारलं, "गुरुवारी का सांगितलं नाहीत?" मी म्हटलं, "बोलायची भीती वाटली." त्यानं ते लिहून घेतलं. मी मूर्तींकडं पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाहिलं. ते टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडं बघत होते. मग ते उभे राहिले आणि म्हणाले, "ती खरं बोलतेय. तार मी काढली." एवढं बोलून ते बसले. त्यांनाही ते सांगायला कुणीतरी आधी बोलायला हवं होतं की काय, कोण जाणे.

नागराजवरचा आरोप मागं घेतला. हात बरा झाल्यावर त्याला स्टोअरमधे काम द्यायचं ठरलं. मूर्तींना दुसऱ्या युनिटला पाठवलं, जाताना ते माझ्याशी बोलले नाहीत आणि मी बोलावं असं मलाही सुचलं नाही. खोलीची किल्ली माझ्याकडंच राहिली. माझी ट्रेनिंगची मुदत सहा महिन्यांनी वाढवली, ते शिक्षा म्हणून की नाही हे कुणी सांगितलं नाही. गुरुवार मात्र कायमचा माझा झाला. त्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी मी खोक्यावर चढून म्हटलं, ग्राइंडरचा पट्टा उघडा आहे. खाली उतरले. ते सगळं मिळून एक मिनिटही नव्हतं, आणि रजिस्टर घेऊन बसलेला कारकून अजून वही उघडत होता. घरी आईनं त्या दिवशी अवरेचं सार केलं. अप्पांनी दोनदा वाढून घेतलं. आत्यानं मला विचारलं, आवाज कसा होता. मी म्हटलं, बारीक. "असू दे," ती म्हणाली.

दीड महिन्यानं नागराज कामावर आला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो गेज रूमच्या दारात येऊन उभा राहिला, डावा हात पँटच्या खिशात घालून. तो आभार मानायला आलाय अशी माझी खात्री होती. त्यावर आपण काय म्हणायचं, "त्यात काय एवढं, अण्णा," वगैरे, तेही मी ठरवून ठेवलं होतं. मी त्याला स्टूल दिलं. तो बसला नाही.

"कँटीनमधे तुम्ही काय बोललात ते सगळ्यांनी मला सांगितलं," तो म्हणाला. "सगळं सरळ बोललात म्हणे. मॅनेजरसमोर."

मी मान हलवली.

"एवढं बोलता येत होतं, तर गुरुवारी का नाही बोललात, मेडम?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. अधिकाऱ्याला दिलेलं उत्तर मी त्यालाही दिलं. भीती वाटली. त्यानं विचारलं, कसली? मूर्तींची? मी म्हटलं, नाही, त्यांची नाही. तुम्ही सगळे हसाल म्हणून.

नागराजनं खिशातून हात बाहेर काढला, त्याच्याकडं पाहिलं, आणि परत आत घातला.

"हसलोच असतो, मेडम," तो म्हणाला. "पण तार सुटली असती."